क्योतो ते नागासाकी: संत गोन्सालो गार्सियांच्या वाटेवर पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

जपानला तीर्थयात्रेला जाणारे आपले बहुतेक गट नागासाकी स्टेशनबाहेर बसमधून उतरतात, निशिझाका टेकडीवरच्या २६ हुतात्म्यांच्या स्मारकासमोर फोटो काढतात आणि अर्ध्या तासात पुढच्या ठिकाणाकडे निघतात. वसईहून एवढ्या लांब जाऊन अर्धा तास! हे स्मारक म्हणजे वसईचे संत गोन्सालो आणि त्यांच्या सोबत्यांना घडलेल्या सुमारे ८०० किलोमीटरच्या पायपिटीचं शेवटचं टोक आहे. त्या पायपिटीतला थोडा भाग आपल्या पायाखालून गेला, तर टेकडीवर पोचल्यावर समोर काय आहे ते वेगळं सांगावं लागत नाही. सगळं अंतर चालायची गरज नाही. नेमकं कुठे थांबायचं, कुठे चालायचं आणि कुठे सरळ गाडी पकडायची, ते पुढे दिलं आहे.

आधी वाट समजून घ्या

गोन्सालो गार्सिया १५५७च्या सुमारास वसईत जन्मले. वडील पोर्तुगीज, आई इथलीच. वसई किल्ल्यात येशूसंघीयांकडे (जेझुइटांकडे) ते शिकले. तिथल्या येशूसंघीय चर्चचे अवशेष आज गोन्सालोंच्याच नावाने ओळखले जातात. कोवळ्या वयात ते फादरांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले, पुढे व्यापारात पडले. मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले आणि १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून पुन्हा जपानात आले. सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीशी जी बोलणी झाली, ती त्यांच्या तोंडून झाली.

डिसेंबर १५९६ मध्ये हिदेयोशीच्या हुकुमाने क्योतो आणि ओसाकात ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. ३ जानेवारी १५९७ला क्योतोत २४ जणांच्या डाव्या कानाची पाळी कापली गेली आणि त्यांना बैलगाड्यांतून शहरभर फिरवलं गेलं. ओसाका, साकाई अशी धिंड झाल्यावर भर थंडीत पश्चिमेकडे कूच सुरू झालं: हिमेजी, ओकायामा, मिहारा, हिरोशिमा, शिमोनोसेकी, कोकुरा, हाकाता, कारात्सु, सोनोगी, तोगित्सु आणि शेवटी नागासाकी, जिथे त्यांना क्रुसावर मारलं गेलं. वाटेत त्यांची सेवा करणारे दोघे या चोविसांत धरले गेले म्हणून आकडा २६ झाला. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय आणि १७ जपानी प्रापंचिक. सगळ्यात लहान लुई इबाराकी, वय १२.

या सगळ्यांना ८ जून १८६२ला पोप नववे पायस यांनी संतपद दिलं. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणजे गोन्सालो.

किती चालायचं

त्यांच्या वाटेचा मोठा भाग असलेला जुना सान्योदो रस्ता आज बराचसा राष्ट्रीय महामार्ग २ आणि रेल्वेच्या आसपास आहे. रोज २०-२५ किलोमीटर धरले, तर पूर्ण अंतराला ३५ ते ४० दिवस लागतात, आणि त्यातले निम्म्याहून अधिक दिवस ट्रकच्या शेजारून चालण्यात जातात. पहिल्या खेपेला हे करू नका. स्पेनमधल्या कामिनो या पायी यात्रेच्या वाटेसारखे बाणांचे फलक, शिक्के मारायची वही, यात्रेकरूंसाठी स्वस्त धर्मशाळा असं इथे वाटभर काही नाही. नकाशा तुमचा तुम्हालाच सांभाळायचा आहे.

नवख्यांसाठी योग्य बेत म्हणजे दहा दिवस: क्योतोत दोन, ओसाका-साकाईला एक, मिहारा आणि हिरोशिमा मिळून एक, शिमोनोसेकीमार्गे हाकाता एक, कारात्सु एक, सोनोगीमार्गे नागासाकी एक, तोगित्सु-निशिझाका पायी एक, नागासाकी शहर एक, आणि परतीचा एक. चालणं तीनच ठिकाणी: क्योतो शहरात ४-५ किलोमीटर, शिमोनोसेकीच्या समुद्राखालून पाऊण किलोमीटर आणि शेवटचे १२ किलोमीटर. दिवस कमी पडत असतील तर ओसाका-साकाई गाळा, पण शेवटचे १२ किलोमीटर गाळू नका.

केव्हा जायचं

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. चर्चच्या जागतिक पंचांगात या हुतात्म्यांचा सण ६ फेब्रुवारीला असतो, जपानात मात्र मृत्यूच्याच दिवशी, ५ फेब्रुवारीला. नागासाकी महाधर्मप्रांताची स्मरणार्थ मिस्सा निशिझाका पार्कात उघड्यावर होते आणि ती साधारणपणे ५ तारखेजवळच्या रविवारी असते. म्हणजे फक्त ५ फेब्रुवारीची तारीख धरून तिकीट काढलं आणि ती गुरुवारी आली, तर मोठी मिस्सा हुकते. त्या वर्षीची तारीख महाधर्मप्रांताकडून ठरली की मगच विमानाचं बुकिंग करा.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट आडवी येते: नागासाकीचा कंदील महोत्सव. तो चांद्र नववर्षाला धरून असतो आणि तेव्हा शहरातल्या खोल्या मिळेनाशा होतात. २०२७ मध्ये चांद्र नववर्ष ६ फेब्रुवारीला आहे, म्हणजे बरोबर टक्कर. अशा वर्षी नागासाकीची खोली सहा महिने आधी घ्या, नाहीतर इसाहायाला राहा. तिथून नागासाकी शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने दहा मिनिटांच्या आसपास आहे.

थंडी झेपणार नसेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाऊस, आणि एप्रिलअखेर ते ५ मे जपानी लोकांच्या सुट्ट्या. हे दोन्ही काळ टाळा.

तिकीट, व्हिसा आणि पास

विमानाचं तिकीट जाताना एका शहरात आणि परतताना दुसऱ्याच शहरातून असं काढा: उतरायचं ओसाकाच्या कान्साई विमानतळावर, परतायचं फुकुओकाहून. सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगला विमान बदलून हे जमतं. स्वस्त पडतं म्हणून तोक्योचं परतीचं तिकीट काढणारे शेवटी नागासाकीहून तोक्योपर्यंत उलटं जायला एक दिवस आणि बरेच पैसे घालवतात.

पर्यटनाचा व्हिसा पुरतो. अर्ज व्हीएफएसच्या केंद्रातून जातो. पासपोर्ट, फोटो, दिवसवार कार्यक्रम, बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयकराची विवरणपत्रं, विमान आणि हॉटेलचं बुकिंग, एवढं तयार ठेवा. दिवसवार कार्यक्रमात नुसतं ‘जपान दर्शन’ लिहू नका. तारीख, शहर, हॉटेलचा पत्ता हवा, आणि तो बुकिंगशी जुळायला हवा. गटातल्या दोघांच्या कागदांत एका रात्रीचा फरक निघाला तरी विचारणा होते. भारतीयांना आता ई-व्हिसा मिळतो. विमानतळावर तो मोबाइलवर, इंटरनेट चालू असताना, थेट संकेतस्थळावरून दाखवावा लागतो. स्क्रीनशॉट किंवा छापील कागद चालत नाही. म्हणून फोन चार्ज आणि सिम किंवा रोमिंग चालू, याची खात्री मुंबईतच करा. इमिग्रेशन आणि कस्टम्सचा क्यूआर कोड ‘व्हिजिट जपान वेब’वर आधी भरून ठेवला की रांग लवकर सरकते.

रेल्वेच्या पासबाबत बहुतेक जण चुकतात. अख्ख्या देशाचा सात दिवसांचा जेआर (जपान रेल्वे) पास २०२३ मध्ये ५० हजार येनांवर गेला. या वाटेला तो परवडत नाही. तुम्हाला हवा तो ‘सान्यो-सानइन’ विभागाचा सात दिवसांचा पास. त्यात कान्साई विमानतळ, क्योतो आणि ओसाका भागातल्या जेआरच्या साध्या गाड्या आणि शिन-ओसाका ते थेट हाकातापर्यंतची (हाकाता म्हणजे फुकुओका शहराचं मुख्य स्टेशन) शिंकान्सेन येते. हाकाताच्या पुढे तो चालत नाही. तिथून क्युशू बेटाचा ‘उत्तर क्युशू’ पास घ्या किंवा सुटी तिकिटं काढा. दोन्ही पासांचे दिवस सलग मोजले जातात, म्हणून पहिला पास क्योतोत फिरताना सुरू करू नका. क्योतोतून बाहेर पडायच्या सकाळी सुरू करा.

सामान

लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटीमीटरपेक्षा मोठी बॅग शिंकान्सेनमध्ये न्यायची तर मागच्या ओळीची खास जागा आधी राखून ठेवावी लागते, नाहीतर १,००० येन भरावे लागतात. त्यापेक्षा मोठी बॅग क्योतोच्या हॉटेलातून सामान-पोच सेवेने थेट नागासाकीच्या हॉटेलात पाठवा. जपानी लोक याला ‘ताक्क्युबिन’ म्हणतात, रिसेप्शनवर तेवढा शब्द पुरतो. पाठीवर फक्त पिशवी ठेवा. मधल्या मुक्कामांना दोन जोड कपडे भरपूर झाले.

फेब्रुवारीत क्योतोत पहाटे पारा शून्याच्या जवळ, तर नागासाकीत दिवसा १०-११ अंश. एकच जाड जॅकेट घेऊ नका. आतून थर्मल, वर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट, असे थर ठेवा. चालताना घाम येतो, थांबलं की तोच घाम गारठतो आणि आजारपण तिथूनच सुरू होतं. बूट नवे नकोत, किमान ६०-७० किलोमीटर चाललेले हवेत. शेवटचा रस्ता पूर्ण डांबरी-काँक्रिटचा आहे, डोंगरात चालायचे कडक तळव्याचे बूट तिथे गुडघे धरतात.

दोन गोष्टी घरीच ठेवा. गोव्याचं चोरिस, मटणाचं लोणचं, सुकं मांस: जपानात कुठल्याही स्वरूपाचा मांसाचा पदार्थ नेता येत नाही, विमानतळावर कुत्री हुंगतात, दंड मोठा आहे. दुसरी, सर्दीच्या गोळ्या: स्युडोएफेड्रीनचं प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेली औषधं तिथे बंदीच्या यादीत आहेत. पट्टीमागचं घटकद्रव्य वाचून घ्या. नेहमीची औषधं महिन्याभराच्या आत बसतील एवढीच, मूळ वेष्टनात आणि डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह घ्या.

गटाबरोबर आपले फादर येत असतील, तर त्यांनी बिशप हाउसमधून ‘सेलेब्रेट’, म्हणजे ते मिस्सा अर्पण करू शकतात असं पत्र घ्यावं, आणि जिथे मिस्सा करायची त्या चर्चला दोन महिने आधी इंग्रजीत ई-मेल पाठवावा. आयत्या वेळी सॅक्रिस्टीत (फादरांच्या तयारीच्या खोलीत) जाऊन विचारलं तर नम्रपणे नकार मिळतो. नकार फादरांना नसतो, ठरल्याशिवाय तिथे काही होतच नाही, एवढंच.

क्योतो

शिजो-होरिकावा चौकाच्या नैर्ऋत्येला, आयानोकोजी भागात, फ्रान्सिस्कनांचं चर्च आणि रुग्णालयं होती. महारोग्यांची सेवा इथे चालायची आणि ब्रदर गोन्सालो इथेच राहत. आज उरला आहे तो रस्त्याकडेचा एक दगडी खांब, त्यावर जपानीत ‘सव्वीस संतांचं उगमस्थान’ अशा अर्थाचा मजकूर. चर्चची इमारत शोधत फिराल तर सापडणार नाही. हॉटेलातून निघण्याआधी नकाशावर जपानी लिपीत नाव टाकून खूण करून ठेवा.

इथून होरिकावा रस्त्याने सरळ उत्तरेला साधारण अडीच-तीन किलोमीटर चालत इचिजो मोदोरीबाशी या छोट्या पुलाशी जा. कानाची पाळी कापली गेली ती इथे. शिक्षेत मुळात नाक आणि दोन्ही कान कापायचे होते, अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याने ती एका पाळीवर आणली. पुलावर पर्यटक दिसतील, पण ते शेजारच्या सेइमेइ देवस्थानासाठी आलेले असतात. पूल अरुंद आहे. गट मोठा असेल तर खाली ओढ्याकाठच्या पायवाटेवर उतरून प्रार्थना करा, वर लोकांचा रस्ता अडतो. परतताना ९ नंबरची बस क्योतो स्टेशनला जाते. बसमध्ये मागून चढायचं, पुढून उतरताना पैसे टाकायचे.

रविवार असेल तर कावारामाची इथलं संत फ्रान्सिस झेवियर कथीड्रल गाठा. नाव वाचून गोव्याची आठवण होईलच. इंग्रजी मिस्सेची वेळ आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहा.

मिहारा आणि समुद्राखालचा बोगदा

ओसाका आणि साकाईत पाहण्यासारखं थोडं आहे. मात्र मिहारा चुकवू नका. १४ वर्षांच्या थॉमस कोझाकीने आईला शेवटचं पत्र लिहिलं ते मिहाराच्या किल्ल्यात, मुक्कामाच्या रात्री. तो आणि त्याचे वडील मिगेल दोघेही कैदेत होते. पत्र पुढे वडिलांच्या मृतदेहावर सापडलं. किल्ल्याचा पाया आज रेल्वे स्टेशनला चिकटून आहे आणि बुरुजाच्या जागेवर जायचा दरवाजा स्टेशनच्या आतच आहे. बाहेर पडून किल्ला शोधणारे उगाच स्टेशनला प्रदक्षिणा घालतात. मिहाराला नोझोमी ही सर्वांत वेगवान शिंकान्सेन थांबत नाही. फुकुयामाला उतरून कोदामा, म्हणजे प्रत्येक स्टेशनवर थांबणारी शिंकान्सेन पकडा, आणि पुढची कोदामा केव्हा आहे ते चढण्याआधीच बघून ठेवा. थांबे एका तासाच्या हिशेबाने आखले की हे ठिकाण सहज बसतं. संध्याकाळी हिरोशिमाला मुक्काम. तिथलं नोबोरिचोचं जागतिक शांती स्मारक कथीड्रल १९५४चं आहे.

शिमोनोसेकीला कैद्यांना सामुद्रधुनी होडीने ओलांडावी लागली. आज तिथे ७८० मीटर लांबीचा पादचारी बोगदा आहे, चालणाऱ्याला फुकट. शिमोनोसेकी स्टेशनवरून बसने मिमोसुसोगावाला या, लिफ्टने खाली उतरा, पंधरा मिनिटांत तुम्ही दुसऱ्या बेटावर, क्युशूत. मध्यावर दोन प्रांतांची सीमारेषा जमिनीवर रंगवलेली आहे. सकाळी व्यायामाला येणारे आजी-आजोबा वाटेत भेटतात, त्यांना डावी-उजवी बाजू मोकळी ठेवा.

कारात्सु: नागोया किल्ल्याची गफलत

ब्रदर गोन्सालोंच्या आयुष्याशी सगळ्यात थेट जोडलेली जागा हीच, आणि गट तिलाच गाळतात. १५९३ मध्ये कोरियावरच्या स्वारीसाठी हिदेयोशी जिथे तळ ठोकून होता, त्या नागोया किल्ल्यात फादर पेद्रो बाप्तिस्ता त्याला भेटले. मध्ये दुभाषी वसईचा.

हे नागोया म्हणजे आइची प्रांतातलं मोठं शहर नागोया नव्हे. दोन्ही किल्ल्यांची नावं उच्चारात सारखीच आहेत. मोबाइलवर नुसतं ‘नागोया कॅसल’ टाकलं तर तो तुम्हाला ओसाकाच्याही पूर्वेला पाठवेल. ‘हिझेन नागोया, सागा’ असं शोधा.

हाकाताहून कारात्सुला सुमारे दीड तास लागतो. गाडी फुकुओकाच्या मेट्रोमधून निघून जेआरच्या चिकुही मार्गावर जाते. मेट्रोच्या भागाला जेआर पास चालत नाही, मेइनोहामापर्यंतचे पैसे वेगळे पडतात, आणि उतरताना गेटवर अडकून पडणारे बहुतेक पासधारकच असतात. कार्ड टॅप न करता कर्मचाऱ्याच्या खिडकीकडे पास दाखवा, उरलेले तिथेच भरा. कारात्सुच्या ओतेगुची बसस्थानकातून किल्ल्याला साधारण ४० मिनिटं लागतात. बस दिवसातून मोजक्याच आहेत, म्हणून परतीची वेळ उतरतानाच फलकावरून टिपून घ्या. सोमवारी किल्ल्याशेजारचं संग्रहालय बंद असतं. किल्ल्यात आता दगडी तटबंदी आणि गेन्काई समुद्राकडे उघडा माथा एवढंच आहे. वारा जबर असतो, टोपी घट्ट हवी.

सोनोगी

४ फेब्रुवारी १५९७च्या संध्याकाळी कैद्यांना सोनोगीच्या किनाऱ्यावर होड्यांत बसवलं आणि ओमुरा उपसागर ओलांडून तोगित्सुला नेलं. रात्र त्यांनी होड्यांतच काढली. किनाऱ्यावर त्या जागेचं स्मारक आहे, सोनोगी स्टेशनपासून चालत जाण्यासारखं.

नियमित बोट आज नाही, तेव्हा उपसागर वळसा घालून पार करायचा. हाकाताहून रिले कामोमे गाडीने ताकेओ-ओन्सेन, तिथे समोरच्याच फलाटावर पश्चिम क्युशू शिंकान्सेन, शिन-ओमुराला उतरून ओमुरा मार्गाच्या डिझेल गाडीने मागे सोनोगी. ही डिझेल गाडी तासाला एखादीच असते. हुकली की दुपार गेली. सोनोगीहून परत दक्षिणेला येताना उजव्या बाजूला बसा. पाणी रुळांना लागून आहे, आणि चिवाता स्टेशनचा फलाट तर थेट समुद्राकडे उघडतो. पलीकडचा किनारा दिसतो तिथेच उद्या चालायचं आहे.

शेवटचे १२ किलोमीटर

नागासाकी स्टेशनसमोरून तोगित्सुची बस ३०-४० मिनिटांत पोचवते. बसमध्ये चढताना मशीनमधून क्रमांकाची चिठ्ठी घ्या, पुढच्या फलकावर त्या क्रमांकाखाली भाडं वाढत जातं. उतरताना चिठ्ठी आणि नेमके पैसे एकत्र डब्यात टाकायचे. मोठी नोट मोडून मिळत नाही, डब्याशेजारचं यंत्र १,००० येनांची नोट मोडतं. २५ जणांचा गट उतरतेवेळी नोटा मोडत बसला तर बस खोळंबते. आदल्या संध्याकाळी दुकानात सगळ्यांनी सुटे करून ठेवा.

फेब्रुवारीत तिथे सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. त्या दिवशी हुतात्मे सकाळी दहाच्या आसपास निशिझाकाला पोचले होते. ती वेळ साधायची तर उजाडण्याआधी निघावं लागेल. नवख्या गटाने हा हट्ट धरू नये. आठला बंदराजवळच्या ‘उतरण्याच्या जागे’च्या स्मारकाशी प्रार्थना करून निघा. थांबे धरून साडेचार तास लागतात, म्हणजे साडेबाराला टेकडीवर.

रस्ता बहुतेक राष्ट्रीय महामार्ग २०६ला धरून जातो. फूटपाथ आहे, पण ठिकठिकाणी अरुंद. एकामागून एक चाला. मोठा चढ एकच, उचिझाकाचा, पहिल्या तासाभरातच येतो. तिथे घाई करणारे शेवटी लंगडतात. पुढे मिचिनोओ, मग आकासाको, जिथे ट्रामचं उत्तरेकडचं शेवटचं स्थानक आहे. हे साधारण अर्धं अंतर. ज्यांना पुढे जमणार नाही त्यांनी लाजू नये. इथून १ किंवा ३ नंबरची ट्राम थेट नागासाकी स्टेशनला जाते, तिथून टेकडी पाच मिनिटांवर. गटाच्या प्रमुखाने ही सोय निघतानाच सांगून ठेवावी, नाहीतर दुखऱ्या पायाची माणसं ओढत राहतात आणि सगळ्यांचाच वेग पडतो. शौचालय आणि गरम खाण्याला वाटेतली चोवीस तास चालणारी दुकानं आहेत. कचऱ्याचे डबे मात्र जवळजवळ नाहीत. पिशवी बरोबर ठेवा.

रोझरी चालताना म्हणा, पण आवाज बेताचा. लाउडस्पीकर, मोठे झेंडे, गाण्यांचा गजर वस्तीत चालत नाही, आणि मिरवणुकीसारखं काही करायचं तर पोलिसांची परवानगी लागते. उराकामीत महारोग्यांच्या इस्पितळाच्या प्रार्थनामंदिरात कैद्यांना थोडी विश्रांती मिळाली आणि काहींनी पापनिवेदन केलं. याच उराकामीवर ९ ऑगस्ट १९४५ला अणुबॉम्ब पडला. उराकामी कथीड्रल वाटेपासून थोडं आत, चढावर आहे. पायात जोर असेल तर आत्ताच, नसेल तर उद्या.

निशिझाका

चढून आलात की ग्रॅनाइटच्या भिंतीवर ब्राँझच्या २६ मूर्ती एका ओळीत दिसतात. शिल्पकार फुनाकोशी यासुताके, वर्ष १९६२, संतपदाची शताब्दी. ब्रदर गोन्सालो उजवीकडून चौदावे: त्यांच्या शेजारी, स्मारकाच्या उजव्या टोकाच्या बाजूला, मेक्सिकोचे फिलिप, आणखी एक सोडून फादर पेद्रो बाप्तिस्ता. नीट पाहिलं तर पाय टेकलेले नाहीत, बोटं खाली झुकलेली आहेत, अधांतरी. क्रुसाला खिळे नव्हते. हात, पाय आणि मान लोखंडी कड्यांनी अडकवली होती आणि मृत्यू भाल्यांनी आला. इथे म्हणायला स्तोत्र ११३ घ्या. क्रुसावरून मुलांनी गायलं ते हेच.

मागच्या संग्रहालयाला ५०० येन, ९ ते ५. स्मारकावर अर्धा आणि संग्रहालयात दीड तास ठेवा. आत फोटोबाबतच्या पाट्या पाळा. पलीकडचं दोन मनोऱ्यांचं चर्च संत फिलिप यांचं. संग्रहालय आणि हे चर्च दोन्ही वास्तुविशारद इमाई केंजी यांची.

मिस्सेत वेगळं काय

शांतीच्या वेळी हस्तांदोलन नाही, एकमेकांना वाकून नमस्कार. गुडघ्यांवर बसणं कमी, उभं राहणं जास्त. काही जुन्या चर्चमध्ये बूट दाराशी काढून ठेवायचे असतात, म्हणून भोक पडलेले मोजे घालून जाऊ नका. भाषा कळणार नाही, पण क्रम तोच आहे. मराठी मिस्सा पुस्तक बरोबर ठेवलं की कुठे आहोत ते चुकत नाही.

शेवटचा दिवस

ओउरा चर्चचं पूर्ण नाव ‘२६ जपानी हुतात्म्यांचं बॅसिलिका’. १८६४ मध्ये बांधलं, निशिझाकाच्या दिशेला तोंड करून. १७ मार्च १८६५ला अडीचशे वर्षं लपून श्रद्धा जपलेले उराकामीचे ख्रिस्ती इथेच फादरांसमोर प्रकट झाले. तिकीट १,००० येन, आत फोटो नाहीत, आणि नियमित मिस्सा या इमारतीत होत नाही, शेजारच्या नव्या चर्चमध्ये होते. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दहानंतर सहलीच्या बस येतात.

फुकुओकाचं विमान संध्याकाळचं असेल तरच त्या दिवशी नागासाकीहून निघा. हाकातापर्यंत लवकरात लवकर एक तास वीस मिनिटं, तिथून विमानतळ मेट्रोने पाचच मिनिटं. पण मेट्रो देशांतर्गत टर्मिनलला सोडते. आंतरराष्ट्रीय टर्मिनलला तिथून बस पकडावी लागते, तिच्यासाठी आणखी अर्धा तास धरा. सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्री हाकाताला झोपा.